एकच लॅपटॉप, दोन जावा, दोन नोड आणि भांडणारे पायथन: वाट दाखवा

अबोलीची फाती (धागाकर्ती) | बुधवार, रात्री १०.४५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसतं वाचत आलेय. धागा पहिल्यांदाच काढतेय, तोही घायकुतीला येऊन. फोनवरून लिहितेय आणि दर दोन शब्दांनी कीबोर्ड बदलायचा कंटाळा आहे, म्हणून कमांडसुद्धा देवनागरीतच. समजून घ्या.

डिचोलीत घरून कामं करते. यंत्र एकच: आठ जीबी रॅम, विंडोज १०. दुसरं घ्यायचं झालं तर चवथीनंतर बघू. कामं तीन आहेत.

एक म्हणजे एका पतसंस्थेचं खात्यांचं जुनं सॉफ्टवेअर. लिहिलंय भलत्याच कुणी, गळ्यात पडलंय माझ्या. जावा या भाषेतलं, तिच्या ८ व्या आवृत्तीवर चालतं आणि पासबुक प्रिंटरवर छापतं. एका खात्यात व्याज एक पैसा जास्त दाखवतं, पण ते नंतर. दुसरं एका हॉटेलची वेबसाइट, वेबपॅक ४ आणि नोड-सास या नोडवरच्या (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामवरच्या) अवजारांनी बांधलेली. तिसरं नवं आहे, एक अँड्रॉइड ॲप, त्याला जावा १७ आणि नोड २० हवं. पैसे खरे या तिसऱ्यात.

सोमवारी जावा १७ घातलं. मंगळवारी सकाळी पतसंस्थेचा प्रोग्राम उघडला तर 'नो क्लास डेफ फाउंड', आणि पुढे जावाएक्स, एक्सएमएल, बाइंड असं लांबलचक. मग नोड २० घातलं, तर हॉटेलच्या साइटचं बिल्ड 'डिजिटल एन्व्हलप रुटीन्स अनसपोर्टेड' म्हणून आडवं झालं. वाटलं पॅकेजेस बिघडली असतील, नोड-मॉड्यूल्सचं फोल्डर उडवून परत एनपीएम इन्स्टॉल मारलं. आता नोड-सास म्हणतं पायथन ३ चालणार नाही, २ द्या. दिलं. पायथन २.७ उतरवून पाथमध्ये (विंडोज ज्या फोल्डरांत प्रोग्राम शोधतं त्यांच्या यादीत) सगळ्यात वर ठेवलं. तर माझ्या रोजच्या पायथन ३ च्या स्क्रिप्ट एफ-स्ट्रिंगच्या पहिल्याच ओळीवर सिंटॅक्स एरर देतात. आणि नोड-सासचं समाधान अजून नाहीच, ते आता व्हिज्युअल सी++ चे बिल्ड टूल्स मागतंय.

प्रश्न एवढाच: पायथन २ आणि ३ एका घरात कसे नांदवायचे?

पोदेराची सायकल | रात्री १०.५२

डॉकर. सगळं डॉकरमध्ये, प्रत्येक काम आपापल्या बंद डब्यात (कंटेनरमध्ये). पुढचा प्रश्न?

खोला मिरची | रात्री ११.०५

विंडोज काढ, उबुंटू (लिनक्स) घाल. (ह. घ्या.)

अबोलीची फाती | रात्री ११.२०

@पोदेर, डॉकर डेस्कटॉप घालून पाहिलं होतं मागे. अँड्रॉइड स्टुडिओ आणि ते एकत्र उघडलं की लॅपटॉपचा पंखा असा ओरडतो की आई आतल्या खोलीतून विचारते, मिक्सर कोणी लावला. शिवाय पतसंस्थेचा प्रोग्राम खिडक्याबटणांचा, स्विंगमधला. तो कंटेनरमध्ये घालून पासबुक प्रिंटर कसा जोडू?

@मिरची, घेतलं हलके. :)

वाळवंटीकाठ | रात्री ११.३८

ताई, एक सांगू? तुम्ही विचारलेला प्रश्न चुकीचा आहे असं वाटतंय. तुम्हाला पायथन २ ची गरजच नसावी. पण अंदाजावर औषध देत नाही. कमांड प्रॉम्प्ट उघडून 'व्हेअर जावा', 'व्हेअर पायथन' आणि 'व्हेअर नोड' या तीन कमांड द्या आणि जे येईल ते क्रमासकट इथे टाका. क्रम महत्त्वाचा.

हॉटेलच्या प्रोजेक्टमधल्या पॅकेज.जेसन फाइलमध्ये नोड-सासची आवृत्ती काय आहे तेही बघा.

अबोलीची फाती | गुरुवार, सकाळी ८.१०

रात्री लाईट गेली, राउटर मेला, म्हणून आत्ता.

जावा: पहिलं कॉमन फाइल्समधल्या ओरॅकलच्या 'जावापाथ' फोल्डरमधलं, दुसरं जेडीके ८ चं (म्हणजे जावा ८ चा संच).
पायथन: पहिलं पायथन२७, मग पायथन३११, मग विंडोजॲप्स नावाच्या कुठल्याशा फोल्डरमधलं. हे तिसरं मी घातलेलंच नाही!
नोड: एकच, २०.
नोड-सास: ४.१४.

आणि हो, जेडीके ८ चा पत्ता मी युजरच्या पाथमध्ये अगदी पहिल्या ओळीवर नेला होता. काही फरक पडला नाही. हे कसं?

वाळवंटीकाठ | गुरुवार, सकाळी ९.२५

आता चित्र स्पष्ट आहे. मोठा प्रतिसाद होणार, चहा घेऊन बसा.

आपण 'जावा' असं नुसतं नाव टाकतो तेव्हा विंडोज पाथमधली फोल्डरं एकामागून एक बघत जातं आणि पहिलं जावा.ईएक्सई सापडलं की ते चालवून मोकळं होतं. गावात 'रे बाबू' अशी हाक मारली की चार बाबू वळून बघतात. विंडोजच्या गावात फक्त पुढे उभा असलेला बाबू वळतो, मागच्यांना कोणी विचारत नाही. तुम्ही मशीनमध्ये किती जावा ठेवता याला बंधन नाही, दहा ठेवा. भांडण जागेचं नाही, हाकेचं आहे.

तुमचा युजर पाथ का चालला नाही? कारण विंडोज आधी सिस्टिमचा पाथ घेतं आणि युजरचा त्याच्या शेपटाला जोडतं. तुम्ही युजरच्या यादीत पहिला नंबर लावलात तरी सिस्टिमची अख्खी रांग तुमच्या पुढेच. जावा १७ च्या इन्स्टॉलरने आपलं जावापाथ फोल्डर त्या सिस्टिमच्या रांगेत नेऊन बसवलंय.

दुसरी गोष्ट लोकांना माहीत नसते. प्रोग्राम सुरू होताना त्याला पाथची स्वतःची प्रत मिळते, ज्याने त्याला सुरू केलं त्याच्याकडून. नंतर तुम्ही सेटिंगच्या खिडकीत काहीही बदला, आधीच उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टला त्याचा पत्ता नसतो. व्हीएस कोडमध्ये तर नवं टर्मिनल उघडूनही भागत नाही, अख्खा व्हीएस कोड बंद करून परत उघडावा लागतो. 'बदललं तरी तेच येतंय' या तक्रारींतल्या निम्म्या इथेच मिटतात.

पण हीच प्रत आपल्या कामाची आहे. पतसंस्थेचा प्रोग्राम ज्या बॅच फाइलवरून (ओळीने कमांड लिहिलेल्या फाइलवरून) सुरू होतो तिच्या सुरुवातीला तीन ओळी घाला: सेटलोकल, मग सेट जावा_होम बरोबर जेडीके ८ चा पत्ता, मग सेट पाथ, ज्यात आधी जावा_होममधलं बिन फोल्डर आणि त्यामागे जुना पाथ. बदल त्या बॅच फाइलपुरता आणि तिने सुरू केलेल्या प्रोग्रामपुरता. प्रोग्राम बंद झाला की बदलही गेला. बाकी मशीन १७ वरच राहील.

एरर का आली तेही सांगतो. एक्सएमएल वाचण्या-लिहिण्याचा जॅक्सबी नावाचा भाग जावा ८ मध्ये आतच होता. जावा ९ मध्ये त्याच्यावर 'जाणार आहे' अशी चिठ्ठी लागली, ११ मध्ये काढून टाकला. तुमचा प्रोग्राम १७ मध्ये तो शोधत बसला.

ते तिसरं, तुम्ही न घातलेलं पायथन खरं पायथन नाहीच. विंडोज १० ने ठेवलेली खुंटी आहे. खरं पायथन नसेल तर मायक्रोसॉफ्टचं स्टोअर उघडून देते. सेटिंगमध्ये ॲप्सच्या खाली 'ॲप एक्झिक्यूशन अलायसेस' आहे, तिथून बंद करा.

नोडचं संध्याकाळी. ऑफिसची बस आली.

पोदेराची सायकल | गुरुवार, सकाळी ९.५०

पण जॅक्सबीचे जार (जावाच्या तयार फाइली) वेगळे मिळतात की. ते जोडायचे आणि प्रोग्राम १७ वरच चालवायचा. जावा ८ हवंच कशाला?

वाळवंटीकाठ | गुरुवार, सकाळी १०.१५ (बसमधून)

मिळतात. पण प्रोग्राम दुसऱ्याने लिहिलेला, आत लोकांच्या ठेवी. आज जॅक्सबी, उद्या आणखी काहीतरी अडेल. ज्या प्रोग्रामवर व्याज मोजलं जातं त्याच्या पायाखालची फरशी निव्वळ आपल्या सोयीसाठी उपटू नये. ज्या दिवशी संस्था बदलाचे पैसे देईल त्या दिवशी बदलू.

जुने खोड | गुरुवार, दुपारी १.३०

आगो बाये, हे दुखणं आमच्या वेळचंच, नाव तेवढं नवं.

मी खाणीच्या एका ऑफिसात ईडीपी (संगणक) खात्यात होतो, २०१२ साली खाणी बंद झाल्या तोपर्यंत. विंडोज ९८ च्या काळात एक प्रोग्राम बार्जांच्या फेऱ्या मोजायचा, दुसरा पगार काढायचा. दोन्ही व्हिज्युअल बेसिक ६ मधले, वेगवेगळ्या लोकांनी करून दिलेले. पगारवाल्याने नवी आवृत्ती आणली की त्याचा सेटअप सिस्टिम फोल्डरमधली एक डीएलएल (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ती फाइल) आपल्या आवृत्तीने बदलून टाकायचा, आणि जेटीवरून फोन यायचा, 'खोडबाब, बार्ज उघडत नाही.' बार्जवाल्याचा सेटअप परत मारला की पगार आडवा. एका महिन्यात मी हे चार वेळा केलंय. जगभर याला डीएलएल हेल म्हणत हे मला फार नंतर कळलं. पुढे एक्सपीने एकाच डीएलएलच्या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवायची सोय केली. विंडोजच्या फोल्डरात विनएसएक्सएस म्हणून जे भलंमोठं फोल्डर दिसतं ते तेच. लोक जागा करायला ते पुसायला जातात. जाऊ नका.

आमच्या घरी सोमवारी शिवराक (शाकाहारी). हिची शिवराकाची भांडी वेगळी, हुमणाचं (माशांच्या कालवणाचं) भांडं त्यांत जायचं नाही. चूल तीच, पाणी तेच, भांडी वेगळी. पायथनचं व्हेन्व (एका कामापुरता पॅकेजेसचा वेगळा संच) म्हणतात ते हेच. आमच्या आजीची चूलसुद्धा वेगळी होती, ती म्हणजे तुमचं कंटेनर. आणि एक काका नुस्त्याचा (माशांचा) वास नको म्हणून शेजारी वेगळं घर बांधून राहिले. ते व्हर्च्युअल मशीन. कोणाला काय परवडतं ते बघून ठरवायचं. आठ जीबीत घर बांधायला जाऊ नये, भांडी वेगळी करावीत.

एक सावधगिरी. पाथ बदलायला 'सेटएक्स' कमांड वापरू नका. मी वापरली होती. ती १०२४ अक्षरांच्या पुढचं कापून टाकते. वर मी जुना पाथ घालून नवा जोडायला गेलो, त्यामुळे सिस्टिमचा आणि युजरचा पाथ एकमेकांत कालवला गेला आणि उरलेलं शेपूट कापलं गेलं. दुपारभर कागदावर पाथ लिहीत बसलो. आधी पाथ एका टेक्स्ट फाइलमध्ये उतरवून ठेव, मग हात लाव.

खोला मिरची | गुरुवार, दुपारी २.०५

खोडबाब, काकांचं घर फारच आवडलं. +१

मी काल उगाच उबुंटू म्हटलं, प्रायश्चित्त म्हणून माझी फजिती सांगते. लिनक्समध्ये हे दुखणं नाही असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मी उबुंटूवर पायथन ३ ची सिस्टिमवाली लिंक नव्या आवृत्तीकडे वळवली. दुसऱ्या दिवशी टर्मिनलच उघडेना. कारण उबुंटूची स्वतःची अवजारं त्याच पायथनवर चालतात, टर्मिनलसुद्धा. दुरुस्त करायला टर्मिनल हवं आणि टर्मिनल उघडत नाही! शेवटी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळ्या पडद्यावर जाऊन लिंक मागे वळवली. डेबियन १२ पासून तर सिस्टिमच्या पायथनमध्ये पिप (पॅकेजेस घालणारं अवजार) चालवलं की तेच हात झटकतं, 'हे बाहेरून सांभाळलं जातं' म्हणतं. लोक चिडतात. मला ते शहाणपणाचं वाटतं.

दुसरी फजिती थेट अबोलीच्या कामाची. काणकोणच्या एका गिऱ्हाइकाकडे जावा ८ होता. मी माझ्या मशीनवर १७ ने कंपाइल करून जार दिली आणि मडगावला परत आले. घरी पोचते तर फोन. 'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन', ६१.० आणि ५२.० असे आकडे. ६१ म्हणजे १७, ५२ म्हणजे ८. जुनं जावा नव्याची क्लास फाइल वाचत नाही. भर पावसात करमल घाट पुन्हा, तोही दुचाकीवर. तेव्हा चालवायची बॅच फाइल जशी वेगळी करशील तशी बिल्डचीही कर. नाही तर १७ ने कंपाइल करताना 'रिलीज ८' असं सांग.

वाळवंटीकाठ | गुरुवार, रात्री ९.१०

आता नोड. इथेच खरी गंमत आहे.

ताईंची साखळी उलटी बघा. व्हिज्युअल सी++ का हवं? कारण नोड-सास स्वतःला जागेवर कंपाइल करायला बघतंय. पायथन २ का हवं? त्या कंपाइलसाठी ते नोड-जिप वापरतं, आणि त्याच्या जुन्या आवृत्तीला पायथन २ लागतं. पण कंपाइल मुळात का करतंय? नोड-सास ४.१४ ज्या नोडसाठी बनलं त्यांच्यासाठी तयार बांधलेली फाइल नेटवरून उतरवतं. नोड २० साठी तशी फाइलच नाही. म्हणून ते स्वतः बांधायला बसलं, आणि तुम्ही त्याला विटा, सिमेंट, गवंडी पुरवत राहिलात.

नोड १४ द्या. तयार फाइल उतरेल. पायथन लागणार नाही, सी++ लागणार नाही. पहिली एररसुद्धा जाईल, कारण नोड १७ पासून आतलं ओपनएसएसएल ३ झालं आणि वेबपॅक ४ ज्या जुन्या एमडी४ पद्धतीने हॅश काढतं ती त्यात सरळ मिळत नाही. १४ मध्ये मिळते. नेटवर 'लेगसी प्रोव्हायडर'चा पर्याय द्या म्हणून सांगतात, त्याने ती एरर गप्प होते खरी, पण नोड-सास तसंच अडून राहतं.

म्हणजे पायथन २ सरळ काढून टाका. १ जानेवारी २०२० ला त्याचा सांभाळ संपला, एप्रिलमध्ये २.७.१८ ही शेवटची आवृत्ती आली आणि दार बंद झालं.

दोन नोडसाठी एनव्हीएम-विंडोज (नोडच्या आवृत्त्या बदलून देणारं अवजार) घाला. आधी आत्ताचं नोड अनइन्स्टॉल करा, नाही तर तेच पुढे उभं राहील.

पोदेराची सायकल | गुरुवार, रात्री ९.४०

इथे मात्र दुरुस्ती. एनव्हीएम-विंडोज आणि लिनक्सवरचं एनव्हीएम हे दोन वेगळे प्रकल्प आहेत, नाव तेवढं सारखं. लिनक्सवालं ज्या टर्मिनलमध्ये बदलाल त्याच्यापुरतं बदलतं. विंडोजवालं एक लिंक इकडची तिकडे फिरवतं, त्यामुळे एका खिडकीत १४ केलं की सगळ्या खिडक्यांत १४. ॲपचा सर्व्हर २० वर चालू असताना हॉटेलचं बिल्ड १४ वर करायचं असेल तर गोंधळ ठरलेला. एफएनएम घ्या, त्याच कामाचं दुसरं अवजार. ते खिडकीपुरतं बदलतं, आणि प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये 'डॉट नोड-व्हर्जन' नावाच्या फाइलीत १४ लिहून ठेवलंत तर फोल्डरात शिरताच आपोआप तेच लावतं, तेवढी सोय शेलच्या प्रोफाइलमध्ये एकदा करून ठेवावी लागते.

वाळवंटीकाठ | गुरुवार, रात्री ९.५५

बरोबर. मी एका वेळी एकच काम करतो म्हणून मला हे कधी जाणवलं नव्हतं. एफएनएम.

पोदेराची सायकल | गुरुवार, रात्री १०.०५

आणि माझा डॉकरचा हेका सोडत नाही, पण आठ जीबीत अँड्रॉइड स्टुडिओच्या जोडीला नको हे मान्य. डब्ल्यूएसएल २ (डॉकरच्या खालचं, विंडोजमध्ये चालणारं लिनक्स) न सांगता अर्ध्या मेमरीपर्यंत हात मारू शकतं. पुढे कधी घातलंत तर आपल्या युजर फोल्डरमध्ये 'डॉट डब्ल्यूएसएलकॉन्फिग' फाइल करून मेमरीला मर्यादा घाला, आणि कोड सी ड्राइव्हवर न ठेवता लिनक्सच्या आतल्या भागात ठेवा. सी ड्राइव्हवरून वाचायला फार वेळ लागतो.

जुने खोड | गुरुवार, रात्री १०.३०

आणि डब्ल्यूएसएल २ घातल्यावर व्हर्च्युअलबॉक्समध्ये जुनं विंडोज उघडलंत तर खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसेल. चेष्टा नाही, खरंच कासवाचं चित्र आहे. विंडोजचं हायपर-व्ही (त्याचा स्वतःचा व्हर्च्युअल मशीन चालवणारा भाग) खाली बसलंय, आता मी असाच चालणार, असा त्याचा अर्थ. मी आठवडाभर ते शोभेचं समजत होतो.

मांडवीपल्याड | शुक्रवार, सकाळी ७.४५

चांगला धागा, वाचनखूण साठवली. जावासाठी माझी एक भर: इन्स्टॉलर वापरूच नका. जेडीकेची झिप मिळते, नोडची आणि पीएचपीचीही मिळते. सी ड्राइव्हवर 'टूल्स' नावाचं फोल्डर करून त्यात उलगडून ठेवा. झिप पाथला हात लावत नाही, रजिस्ट्रीला लावत नाही, आणि नको झालं की फोल्डर पुसलं की झालं. अँड्रॉइड स्टुडिओ तर स्वतःचा जावा सोबत घेऊनच येतो, ग्रेडलला (ॲप बांधणाऱ्या अवजाराला) तोच वापरायला सांगता येतं.

माझ्याकडे दोन झॅम्प (वेब सर्व्हर, पीएचपी आणि डेटाबेस एकत्र देणारा संच) आहेत, एक पीएचपी ५.६ चं आणि एक ८ चं. जुन्या साइटमध्ये मायएसक्यूएल-कनेक्टवालं जुनं फंक्शन आहे, ते पीएचपी ७ ने काढूनच टाकलं. दोन्ही एकाच वेळी चालतात, फक्त दुसऱ्याचे पोर्ट बदललेत: ८० चं ८०८०, ३३०६ चं ३३०७. फोल्डरं किती का असेनात, एका पोर्टवर दोघांना बसता येत नाही.

अबोलीची फाती | शुक्रवार, रात्री ११.१५

मंडळी, काय सांगू! हॉटेलचं बिल्ड झालं. एफएनएम, नोड १४, एनपीएम इन्स्टॉल, बस. पायथन २.७ आणि त्याच्यासाठी अर्धवट उतरवलेले सी++ चे टूल्स दोन्ही उडवले. तीन दिवस मी ज्याच्यासाठी भांडत होते ते मला नकोच होतं.

पतसंस्थेचा प्रोग्राम बॅच फाइलवरून उघडला, पासबुक छापलं. जावापाथ सिस्टिममधून काढलं. पाथ आधी टेक्स्ट फाइलमध्ये उतरवून ठेवला, खोडबाब.

एक उरलंय. पतसंस्थेचा जुना डेटा ॲक्सेसच्या एमडीबी फाइलीत आहे, तो मी पायथनच्या पायओडीबीसी या डेटाबेस वाचणाऱ्या पॅकेजने वाचते. जुन्या मशीनवर चालायचं. या लॅपटॉपवर 'डेटा सोर्स नेम नॉट फाउंड'. पण कंट्रोल पॅनलमध्ये ड्रायव्हर दिसतो मला! डोळ्यांनी दिसतो!

वाळवंटीकाठ | शनिवार, सकाळी ८.३०

दिसतो तो ३२ बिटचा. तुमचं पायथन ३.११ असणार ६४ बिटचं. ६४ बिटची प्रक्रिया ३२ बिटची डीएलएल आत घेऊच शकत नाही, पाथ वर-खाली करून इथे काही होणार नाही.

विंडोजमध्ये ओडीबीसीच्या सेटिंगची खिडकी दोन आहेत, दोघींच्या फाइलचं नाव एकच. सिस्टिम३२ फोल्डरमधली ६४ बिटची आणि सिसवाव६४ मधली ३२ बिटची. हो, बरोबर वाचलंत, उलटंच आहे. जुन्या प्रोग्राममध्ये सिस्टिम३२ हे नाव कोरलेलं होतं, म्हणून ६४ बिट आल्यावरही ते फोल्डर बदललं नाही.

६४ बिटचा ॲक्सेस ड्रायव्हर घालायला जाऊ नका. तुमच्याकडे ३२ बिटचं ऑफिस असेल तर तो सरळ नकार देईल. त्यापेक्षा पायथन ३.११ चीच ३२ बिटची आवृत्ती शेजारी घाला, पाथमध्ये टाकायची खूण न करता. मग 'पाय -०' लिहा, मशीनवर कोणकोणती पायथन आहेत त्याची यादी येईल. 'पाय -३.११-३२ -एम व्हेन्व' लिहून त्या कामापुरतं व्हेन्व करा आणि पायओडीबीसी त्यात घाला. पिप नुसतं लिहू नका, 'पायथन -एम पिप' लिहा, म्हणजे कोणाचं पिप हा प्रश्नच उरत नाही.

व्हेन्वचं फोल्डर नंतर दुसरीकडे हलवू नका, आत पूर्ण पत्ते लिहिलेले असतात. हलवायचं झालं तर पुसून नवं करा. आणि खालचं मूळ पायथन उडवलंत तर व्हेन्व लंगडं होईल, कारण त्यात पायथनची पूर्ण प्रत नसते, मुळाकडे बोट दाखवलेलं असतं.

खोला मिरची | शनिवार, सकाळी ९.००

अवांतर: डेटात मराठी नावं असतील तर पायथन २ नाही वापरलंस ते किती बरं झालं ते ऐक. लिनक्सच्या टर्मिनलवर पायथन २ ला 'गोवा' या शब्दाची लांबी विचारली तर १२ सांगायचं, ते बाइट मोजायचं. पायथन ३ चार सांगतं: ग, ओकाराची मात्रा, व, काना. शाळेतल्या बाईंनी दोनच सांगितली असती.

जुने खोड | शनिवार, सकाळी ९.२०

शाळेतल्या बाईंचं बरोबर.

अबोलीची फाती | रविवार, दुपारी १२.४०

एमडीबी वाचली! 'पाय -०' मध्ये आता दोन ओळी येतात, एक ६४, एक ३२, आणि दोघी एकमेकींच्या वाटेला जात नाहीत.

प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये 'आधी हे वाच' नावाची फाइल केलीय: कोणतं जावा, कोणतं नोड, कोणतं पायथन, किती बिटचं, आणि का. 'का' मिरचीने खाजगी निरोपात लिहायला लावलं. पतसंस्थेच्या फाइलीत सगळ्यात मोठं आहे.

जुने खोड | रविवार, दुपारी १.०५

बरें केलें. आणि व्याज? ते बरोबर येतं आता?

अबोलीची फाती | रविवार, दुपारी १.२०

नाही. जावा ८ वर, जुन्याच डेटावर, एका खात्यात अजून एक पैसा जास्त येतो. त्याचा वेगळा धागा काढते. आत्ता आई जेवायला हाक मारतेय.